जागा सामाईक, अर्थ कोणाचा? मेनफ्रेमवरच्या 'शेअर्ड मेमरी'ची चिकित्सा



या व्याख्यानमालेत आपण वापरून गुळगुळीत झालेला एकेक शब्द घेतो आणि तो काय सांगतो, काय झाकतो, हे तपासून पाहतो. आजचा शब्द 'शेअर्ड मेमरी'. विषय संगणकाचा, आणि त्यातही मेनफ्रेम म्हणतात त्या मोठ्या, जुन्या घराण्यातल्या संगणकाचा. तत्त्वज्ञानाच्या बाईंनी यात कशाला पडायचं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. (हशा) पडायचं, कारण माझ्याकडे तर्कशास्त्र शिकलेली कितीतरी मुलं-मुली पुढे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लागली आणि परदेशातल्या बँकांचे, विमा कंपन्यांचे हेच प्रोग्रॅम सांभाळू लागली. त्यांनी मला पुस्तकं आणून दिली. निवृत्तीनंतर वेळ होताच. आयबीएमचा 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' हा जाडजूड ग्रंथ मी न्यायाचे ग्रंथ वाचावेत तसा वाचला, शब्द तोलत तोलत. तशाच वाचनाला तो उतरतो, हे आधी सांगून टाकते.

पहिली गंमत अशी, की या ग्रंथात 'मेमरी' हा शब्द जवळजवळ नाहीच. आयबीएमचे लोक 'स्टोरेज' म्हणतात. 'मेन स्टोरेज', 'स्टोरेज प्रोटेक्शन'. म्हणजे कोठार, साठवण. आपण बाकीच्यांनी 'मेमरी' म्हटलं आणि मराठीत त्याचं 'स्मृती' केलं. आता आपल्या नैयायिकांना विचारा स्मृती म्हणजे काय. पूर्वी घेतलेल्या अनुभवाचा संस्कार मागे राहतो, आणि केवळ त्या संस्कारातून जे ज्ञान उपजतं ती स्मृती. त्यामुळे ती ज्याचा अनुभव त्याचीच असते. देवदत्तानं पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही. आत्मा एकच टिकून राहतो हे सिद्ध करायला नैयायिक याच गोष्टीचा आधार घेतात. या हिशेबानं 'सामाईक स्मृती' हे 'वंध्येचा पुत्र' म्हणण्यासारखं झालं. कोठार मात्र सामाईक असू शकतं. त्यात तुम्ही ठेवलेलं पोतं मी उचलू शकते. पण पोत्यात बियाणं आहे की दळायचे गहू आहेत, हे मला कोठार सांगत नाही. ते तुम्ही मला सांगितलेलं असावं लागतं.

माझा आजचा सगळा आक्षेप इथंच आहे. दोन प्रोग्रॅम 'मेमरी शेअर करतात' असं म्हटलं, की वाटतं त्यांच्यात समज वाटून घेतली गेली. प्रत्यक्षात यंत्र फक्त जागा वाटून देतं. त्या जागेतल्या बाइटांचा अर्थ काय, त्यांना हात कधी लावायचा, हा करार यंत्राच्या बाहेर राहतो, माणसांकडे. आणि तो बहुतेक वेळा कुठंही लिहिलेला नसतो.

सिस्टिम/३६० हे यंत्रांचं कुटुंब आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलं. त्याची असेंब्लर भाषा, बरीच वाढून का होईना, अजून जिवंत आहे. तिच्यात एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला हाक मारायची रीत बघा. यंत्रात सोळा रजिस्टरं, ० ते १५. हाक मारणारा रजिस्टर १ मध्ये एक पत्ता ठेवतो. त्या पत्त्यावर पत्त्यांची एक यादी असते आणि यादीतला प्रत्येक पत्ता एकेका वस्तूकडे बोट दाखवतो. परत कुठं जायचं ते रजिस्टर १४ मध्ये, ज्याला हाक मारली त्याचा पत्ता १५ मध्ये. रजिस्टर १३ मध्ये ७२ बाइटांच्या एका जागेचा पत्ता, जिथं समोरच्यानं माझी रजिस्टरं जपून ठेवायची आणि जाताना जशीच्या तशी परत द्यायची. यादी कुठं संपली हे कसं कळायचं? शेवटच्या पत्त्याचा सर्वांत डावा बिट १ करायचा. झालं.

हे वाचताना मला जुन्या घरांतली रीत आठवली. चप्पल कुठं काढायची, पाण्याचा तांब्या कुठं असतो, कोणी सांगत नाही, पण सगळे पाळतात. ७२ बाइटांची ती जागा मी मुद्दाम सुरक्षित ठेवली नाही, तर यंत्र मला अडवत नाही. मी परत जाते, आणि घरमालकाला आपली रजिस्टरं ओळखू येत नाहीत. मी वस्तू पाठवत नाही, वस्तूचा पत्ता पाठवते, हेही लक्षात घ्या. म्हणजे समोरच्याला माझ्या घरात शिरायची मुभा दिली. त्यानं एकच खोली बघावी, ही माझी अपेक्षा. पत्त्यात अपेक्षा लिहिता येत नाही.

आता डीसेक्ट. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असेंब्लरमधली सर्वांत मोहात पाडणारी गोष्ट ही. 'डमी सेक्शन' याचं हे लघुरूप. तुम्ही लिहिता: पहिले २० बाइट नाव, पुढचे ५ बाइट शिल्लक रक्कम, पुढचे ४ बाइट तारीख. आणि यासाठी एक बाइटसुद्धा जागा राखली जात नाही! हा नुसता नकाशा. मग 'यूजिंग' असा हुकूम लिहायचा, की अमुक रजिस्टर जिथं बोट दाखवेल तिथं हा नकाशा अंथरलेला आहे असं समज. असेंब्लर समजतो. तिथं खरोखर तशी रचना आहे का, हे तो बघत नाही, त्याला बघताही येत नाही. प्रोग्रॅम चालायच्या आधीच त्याचं काम संपलेलं असतं. मोजणी कार्यालयाचा नकाशा आणि शेतातला बांध, यांच्यातलं नातं आपल्याला नवं नाही. नकाशा बदलला म्हणून बांध सरकत नाही, आणि रात्रीतून बांध सरकला तरी नकाशाला पत्ता नसतो.

दोन प्रोग्रॅम एकच जागा वापरतात तेव्हा दोघांकडे तोच नकाशा हवा. म्हणून तो एका सामाईक ग्रंथालयात ठेवतात आणि दोघंही तिथून उतरवून घेतात. चांगली सोय. पण उतरवून घेतला तो त्या दिवशीचा नकाशा. पुढे कोणी नावानंतर शाखेचे २ बाइट घातले आणि एकच प्रोग्रॅम नव्यानं असेंबल केला, दुसरा राहून गेला, तर? दुसरा शिल्लक रक्कम दोन बाइट अलीकडून वाचायला लागतो. ती रक्कम पॅक्ड डेसिमल पद्धतीनं ठेवलेली असेल तर एका बाइटात दोन अंक आणि अगदी शेवटी चिन्ह, अशी रचना असते. चिन्हाच्या जागी चिन्ह सापडलं नाही की बेरीज करताना यंत्र चिडतं आणि प्रोग्रॅम आडवा होतो. या क्षेत्रातली आपली मुलं त्याला 'सॉक-सेव्हन' म्हणतात आणि रात्री दोनला फोन आला की शिव्या देतात. मी म्हणते त्यांनी हात जोडावेत. कारण तीच रक्कम साध्या द्विमान पद्धतीनं ठेवली असती, तर कुठलेही चार बाइट उचला, ती एक वैध संख्याच असते. यंत्र चिडत नाही. बेरीज होते, पत्र छापलं जातं, टपालात पडतं.

'मग त्या संरक्षणाच्या किल्ल्या कशाला आहेत?' असा प्रश्न जाणकार विचारतील. विचारावाच. सिस्टिम/३६० मध्ये कोठाराच्या दर २,०४८ बाइटांच्या तुकड्याला चार बिटांची एक किल्ली लावता येते. चालू प्रोग्रॅमकडेही एक किल्ली असते. दोन्ही जुळल्या तर लिहिता येतं, नाहीतर प्रोग्रॅम तिथंच थांबवला जातो. चार बिट म्हणजे सोळा किल्ल्या. शून्य क्रमांकाची किल्ली सर्व कुलपं उघडणारी, ती ऑपरेटिंग सिस्टिमची. उरल्या पंधरा. म्हणून त्या काळच्या एमव्हीटी या सिस्टिमवर एका वेळी पंधराच कामं एकमेकांपासून सुरक्षित ठेवून चालवता येत. कल्पना देखणी आहे, आणि १९६४ सालची आहे हे विसरू नका. पण ही किल्ली विचारते काय? 'तू कोण?' एवढंच. 'तू जे लिहितो आहेस ते बरोबर आहे का, आत्ता लिहायची तुझी पाळी आहे का?' हे ती विचारत नाही. आणि दोन प्रोग्रॅमना एक जागा वाटून वापरायची म्हटली की दोघांनाही किल्ली द्यावीच लागते. म्हणजे वाटणीचा प्रश्न जिथं सुरू होतो, तिथंच किल्लीचं काम संपतं.

पाळीसाठी दुसरी सोय आहे, तिचं नाव 'एनक्यू'. आपल्याकडे सामाईक विहिरीवर भाऊबंदांच्या पाळ्या लावतात, तसंच. लिहिण्याआधी प्रोग्रॅम रांगेत उभा राहतो, पाळी आली की लिहितो, झाल्यावर 'डीक्यू' म्हणून सोडतो. हे वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी समजूत होती की ही पाळी त्या जागेवर लागते. तशी रचना नाही, बरं का! पाळी लागते ती एका नावावर. आठ अक्षरांचं एक मोठं नाव आणि २५५ बाइटांपर्यंतचं एक धाकटं नाव. त्या नावाचा कोठारातल्या कोणत्याही जागेशी यंत्राच्या दृष्टीनं संबंध नाही. नाव म्हणजे ती जागा, हे तुम्ही-आम्ही ठरवलं. तिसऱ्यानं नाव न विचारताच विहिरीत मोट सोडली, तर रांगेला कळतसुद्धा नाही. चौथ्यानं नावाचं एक अक्षर चुकवलं, तर तो वेगळ्याच रांगेत एकटाच उभा राहतो, लगेच पाळी मिळते, आणि आपण शिस्त पाळली या समाधानात लिहून मोकळा होतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की माणसांनी ठरवलेला, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. एनक्यूपुरता तरी निकाल नैयायिकांच्या बाजूनं द्यावा लागेल. (हशा)

ग्रंथाच्या एका परिशिष्टात एक छोटं उदाहरण आहे, त्यावर मी एक अख्खं सत्र शिकवलं असतं. एका बाइटात आठ बिट. तुमची खूण एका बिटात, माझी दुसऱ्यात. एकमेकांच्या बिटाला आपण हातही लावत नाही, म्हणजे भांडणाचं कारणच नको. पण एक बिट बदलायलासुद्धा यंत्र पूर्ण बाइट उचलतं, बदलतं आणि परत ठेवतं. प्रोसेसर एकच असेल तर एका आज्ञेच्या मध्येच दुसरा प्रोग्रॅम घुसत नाही, निभावतं. दोन प्रोसेसर असले, की दोघांनी जुना बाइट उचलला, दोघांनी आपापली खूण केली, दोघांनी परत ठेवला. नंतर ठेवणाऱ्याची खूण राहिली, आधीच्याची पुसली. वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला प्रोग्रॅम यंत्र वाढवल्यावर चुकू लागतो, आणि त्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

यावर उपाय म्हणून सिस्टिम/३७० मध्ये 'कंपेअर अँड स्वॅप' ही आज्ञा आली. ती म्हणते: मी मघाशी इथं क पाहिला होता. अजूनही क असेल तरच त्याच्या जागी ख ठेव, नाहीतर आता काय आहे ते मला सांग. तुलना आणि अदलाबदल एकाच अखंड कृतीत. पण याच परिशिष्टात पुढं एक सूचना येते. क आहे म्हणजे मधल्या काळात काहीच घडलं नाही, असं नव्हे. क गेला, ग आला, ग गेला आणि पुन्हा क आला, असंही होऊ शकतं. मोकळ्या तुकड्यांच्या साखळीत हे घडलं तर साखळी तुटते. म्हणून पत्त्याच्या जोडीला एक मोजणीचा आकडा ठेवावा, दर वेळी तो वाढवावा आणि दोन्हींची तुलना एकदम करावी.

हा तर प्रत्यभिज्ञेचाच वाद! 'हाच तो देवदत्त' असं आपण ओळखतो, त्यावरून वस्तू टिकून राहते असं नैयायिक म्हणतो. बौद्ध विचारतो, दिव्याची ज्योत तीच आहे असंही तुम्ही म्हणता, आणि ती तर क्षणोक्षणी नवी असते. कापलेली नखं पुन्हा वाढली की 'तीच नखं' म्हणता. सारखेपणाला तुम्ही एकपणा समजता. कंपेअर अँड स्वॅपला फक्त सारखेपणा दिसतो. तो मोजणीचा आकडा जोडणाऱ्या अभियंत्यानं बौद्धांचा आक्षेप मान्य करून नैयायिकांचं काम चालू ठेवलं. त्यानं दोघांपैकी कोणाला वाचलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

एव्हाना तुम्ही म्हणाल, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या शिस्तीचे प्रश्न झाले. मला तसं वाटत नाही. रचना कोणती शिस्त मागते आणि कोणाकडून मागते, हाही रचनेचाच भाग असतो. १९७२ साली डेव्हिड पार्नस यांनी एक निबंध लिहिला. त्यात एक छोटा सूचीचा प्रोग्रॅम दोन रीतींनी विभागून दाखवला आहे. पहिल्या रीतीत सर्व विभाग एकाच कोठारातल्या तक्त्यांवर काम करतात, त्यामुळे तक्त्याची रचना बदलली की जवळजवळ प्रत्येक विभागात हात घालावा लागतो. दुसऱ्या रीतीत तक्ता एकाच विभागाच्या पोटात असतो, बाकीचे त्याला विचारतात. उलट ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रेड ब्रुक्स यांची रीत अशी, की प्रत्येक प्रोग्रॅमरला सगळ्या व्यवस्थेचे सगळे तपशील माहीत हवेत. १९७५च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी पार्नस यांच्याशी मतभेद नोंदवला. आणि १९९५च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिलं, की पार्नस बरोबर होते, मी चुकलो. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त दोन्ही एकाच माणसानं, वीस वर्षांच्या अंतरानं, नाव घेऊन मांडावेत, हे आमच्या विषयातही क्वचित घडतं.

व्यवस्था मात्र माणसाइतक्या लवकर मत बदलत नाही. १९७४ साली एमव्हीएस आली. तिनं प्रत्येक कामाला १६ मेगाबाइटचं स्वतंत्र आभासी घर दिलं. शेजाऱ्याचा पत्ताच आपल्या घरात अस्तित्वात नाही, मग त्याच्या भिंतीला धक्का कुठून लागणार? पण घरं वेगळी झाल्यावर एकमेकांशी बोलायचं कसं? म्हणून प्रत्येक घरात, त्याच पत्त्यावर, एक सामाईक ओसरी ठेवली. तिचं नाव सीएसए. ओसरी प्रत्येकाच्या १६ मेगाबाइटमधूनच कापली जात असल्यामुळे ती वाढली, की न वापरणाऱ्याचंही घर लहान होई. एमव्हीएसवर साधे प्रोग्रॅम सगळे एकाच, आठ क्रमांकाच्या किल्लीनं चालतात, कारण घरं वेगळी असताना वेगळ्या किल्ल्यांची गरज उरली नाही. आणि मग ओसरीवर कोणी आठ क्रमांकाच्या किल्लीची जागा घेतली, तर ती यंत्रावरच्या प्रत्येक साध्या प्रोग्रॅमला लिहिण्यासाठी उघडी! जागा घ्यायला विशेष अधिकार लागतो. खोडायला कसलाच लागत नाही.

याहून चांगला मार्ग आयबीएमनंच पुढं दिला. 'प्रोग्रॅम कॉल' नावाची आज्ञा आली. तिच्यात दुसऱ्याच्या कोठारात हात घालायचा नाही, त्याच्या दारावर जायचं. दार कुठं असेल, आत आल्यावर कोणता अधिकार असेल, हे मालकानं आधी ठरवलेलं. पार्नस यांची दुसरी रीत थेट यंत्राच्या आज्ञेत उतरली. तरीही ओसरी चालूच राहिली, कारण तिथं काही विचारावं लागत नाही. रजिस्टरमध्ये पत्ता घ्या, नकाशा अंथरा, वाचा. 'शेअर्ड मेमरी सर्वांत वेगवान' असं जे म्हणतात ते खरंच आहे. विचारण्याचा वेळ वाचतो. फक्त वाचलेल्या वेळेची मोजणी होते, न विचारल्याची होत नाही.

२००७च्या झेड/ओएस १.९ पासून ओसरीवर अशी उघडी जागा मूळ मांडणीत बंद होती, पण संस्थेला हवी तर एक शब्द बदलून चालू करता येई. २०१९च्या झेड/ओएस २.४ मध्ये ती पळवाट काढून टाकली. ज्यांना सोडवतच नाही त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजून घ्यायची एक सोय ठेवली: मर्यादित वापराची ओसरी, आरयूसीएसए. तिथं कोणाला प्रवेश, हे सुरक्षा व्यवस्थेत नावानिशी नोंदवावं लागतं. आयबीएमनं हे करायला हवंच होतं, माझ्या मते वीस वर्षं आधी. पण इथंही बघा, नोंद होते ती पुन्हा 'कोण'ची. त्या बाइटांचा अर्थ काय, हा रकाना नव्या व्यवस्थेतही नाही.

माझी एक विद्यार्थिनी एका परदेशी विमा कंपनीचं हेच स्थलांतर करत होती. कोणती कामं त्या उघड्या जागेला हात लावतात याची नोंद सिस्टिम देते, कशासाठी लावतात ते सांगत नाही. यादीत चार कामं निघाली. तिघांचा मूळ मजकूर सापडला, चौथ्याचा फक्त यंत्राला कळणारा अवतार शिल्लक. ज्यांनी लिहिलं ते केव्हाच निवृत्त. नकाशात एक चार बाइटांचं फील्ड होतं, त्याच्यापुढं शेरा होता 'राखीव'. तिघांपैकी कोणीच तिथं लिहीत नव्हतं, वाचतही नव्हतं. आणि तिथला आकडा रोज रात्री बदलत होता. तिनं पंधरा दिवस डंप काढून ते आकडे मांडून पाहिले, वाढतात, कमी होतात, मधेच शून्य होतात. शेवटी कंपनीनं पैसे भरून मर्यादित ओसरी घेतली, चारही कामांना प्रवेश दिला, आणि ते फील्ड होतं तसं ठेवलं. शेरा बदलू का, असं तिनं विचारलं होतं. त्यावर निर्णय झाला नाही.

वेळ झाली आहे. इथं थांबते. पुढच्या रांगेत मेनफ्रेमवर काम केलेले दोघं-तिघं बसले आहेत आणि मघापासून चुळबुळ करत आहेत, तेव्हा पहिले प्रश्न त्यांचे घेऊ.